भोंगामावशी गप्प बसली

बुटांच्या त्या कारखान्यात तिला सगळे भोंगामावशी म्हणायचे, आणि तेही तोंडावर. जिभेला हाड नाही, पोटात काही राहत नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरी पाळणा हलणार, हे शिलाई खात्यात तिच्या मशीनपासून सुरू व्हायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेटवरच्या वॉचमनला पाठ असायचं. वाईट नव्हती हो बिचारी. तिला माणसांचं अतोनात कौतुक होतं, आणि कौतुक काही मुकाट्यानं करता येत नाही.

मग नवा कायदा आला. एचआयव्ही आहे म्हणून कामगाराला काढायचं नाही, हलवायचं नाही, आणि अशांच्या तक्रारी ऐकायला एक माणूस नेमायचा. नाव मात्र गुप्त राहिलं पाहिजे. मॅनेजरसाहेब हुशार. त्यांनी हे काम भोंगामावशीच्या गळ्यात मारलं. हिच्याकडे गुपित घेऊन येणार कोण? सगळा कारखाना पोट धरधरून हसला, आणि मावशीही हसली.

थोड्याच दिवसांत साहेबांनी फर्मान काढलं : ज्यांच्या हातात सुई किंवा सुरी, त्या सगळ्यांचं रक्त सोमवारी तपासायचं.

त्या संध्याकाळी कटर तिच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. समोरच्याच टेबलावर मान खाली घालून चामडं कापणारा, सहसा न बोलणारा माणूस.

"मावशी, मला आहे," तो म्हणाला. "बरीच वर्षं झाली. औषध चालू आहे, ठणठणीत आहे. पण सोमवारी रक्त दिलं, तर मंगळवारी मला या टेबलाशी कोण उभं करील?"

"अरे देवा! साऱ्या दुनियेत तुला मीच सापडले का?"

"कायद्यानं तुम्हीच ना?" तो म्हणाला, "आणि माझी मुलगी आजारी होती, तेव्हा रोज विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात."

मावशीनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला घरी पाठवलं. तो गेल्यावर मात्र तिला खरी अडचण कळली. हे पोटात ठेवायचं? तिनं?

सकाळी ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. "सोमवारचं रद्द करा. नोकरीसाठी ही तपासणी कुणावर लादता येत नाही."

"तक्रार कुणाची? नाव सांगा, म्हणजे त्याच्यापुरतं बघतो."

"नाव सांगितलं तर आपण दोघंही कायदा मोडणार. कोर्टात शेजारी शेजारी उभे राहू. आणि साहेब, मी तिथेही फार बोलेन."

साहेबांच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं असावं. तपासणी रद्द झाली.

पण कारखान्याला चैन पडेना. मावशीकडे गेलं ते कोण असेल? जो तो मावशीला खोदून खोदून विचारायला लागला. एकदा एका नावावर ती चुकून बोलून गेली, "छे, तो नाही!" आणि तिच्यादेखत उरलेली नावं बोटांवर मोजली गेली. त्या दिवसापासून तिनं 'हो' आणि 'नाही' दोन्ही सोडलं. कुणीही, कुणाबद्दलही विचारो, ही आपली मूग गिळून बसलेली.

मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. गप्प? आणि ही? म्हणजे हिलाच असणार!

दुपारी जेवायला बसली, तर बाकावर तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या. ज्यांची बारशी-लग्नं तिनं गाजवली, ती माणसं डबा उचलून पलीकडे सरकली. फार लागलं तिला. कटरनं हे पाहिलं आणि तो तिला नळापाशी गाठून म्हणाला, "मावशी, मी सांगून टाकतो."

"खबरदार! सांगायचं तर तुझ्या मनानं सांग. माझी कीव येऊन नको."

तिची थोरली बहीण पॅकिंगला होती. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती ताई तरातरा आली, मावशीला खेटून बसली, तिच्या डब्यातला घास खाल्ला, तिच्याच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायली आणि सगळ्यांवर डोळे वटारले. "काय बघताय? जेवा की!"

घरी जाताना वाटेत मात्र ताईचा बांध फुटला. "मला का नाही सांगितलंस गं? मी परकी झाले का?"

'मला काही झालेलं नाही,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण ताईही तिचीच बहीण. आनंदाच्या भरात सकाळपर्यंत कारखानाभर करणार, आणि पुन्हा उरलेली नावं बोटांवर मोजली जाणार. ताईला असं रडताना बघणं हे सगळ्यात अवघड होतं.

"गोळ्या तरी घेतेस ना वेळेवर?"

"घेते गं."

"विसरभोळी आहेस. रोज विचारणार मी."

आणि विचारते. रोज सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी ताई पॅकिंगच्या दारातून अख्ख्या खात्याला ऐकू जाईल अशी ओरडते, "गोळी घेतलीस का गं?"

"घेतली," मावशी म्हणते.

समोरच्या टेबलावर कटर मान खाली घालून चामडं पसरत असतो. तोही पुटपुटतो, "घेतली, ताई."