यकृताच्या टोकाची काळी रेघ

तोर्लाइफ मेला त्याला सहा वर्षं झाली. ट्रॅक्टर उलटून जखमी झालेला मेंढपाळ. मीच त्याच्या उजव्या कुशीवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला, यकृत आणि किडनीमधली फट स्वच्छ दिसली, आणि ‘रक्त नाही’ म्हणून मोकळी झाले. यकृताचं खालचं टोक बघितलंच नाही. रक्त आधी तिथे, काळ्या रेघेसारखं दिसतं, हे मी दुसऱ्यांना शिकवत होते. तासाभरात तो गेला.

तेव्हापासून ती काळी रेघ माझ्या मानगुटीवर बसली आहे. ज्याच्या त्याच्या पोटात दिसते मेली. गेल्या वर्षी दोन धडधाकट माणसं मी पार ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पळवली. आमचा सर्जन आसब्यॉर्न तोंडावर म्हणाला, पुन्हा रेघ दिसली तर आधी दुसऱ्या कुणाला दाखव, मग मला बोलव. झोंबलं, पण खोटं नव्हतं.

मंगळवारी सकाळी एल्डब्यॉर्गला आणलं. नाव ठेवायच्या खोपटाच्या छपरावरून पडलेली सत्तरीची बाई, पांढरीफटक, रक्तदाब घसरत चाललेला. मी प्रोब टेकवला. टोकाशी काळी रेघ. ही हिची की तोर्लाइफची? चुकले तर म्हातारीचं पोट उगाच चिरायचं, गप्प बसले तर ती जाणार.

शिकाऊ डॉक्टर सुन्निवाच्या हातात मी प्रोब दिला आणि मुद्दाम काही सांगितलं नाही.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

म्हणजे पुन्हा भासच. मला रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात तिच्या हाताकडे लक्ष गेलं. सहा वर्षांपूर्वी जिथे माझा हात थांबला होता, नेमका तिथेच तो थांबला होता.

"दोन बोटं खाली सरक."

ती सरकली आणि तिचा चेहरा उतरला. "सिगरुन, रक्त आहे गं."

बोलावताच आसब्यॉर्न धावत आला. एल्डब्यॉर्ग वाचली. शुक्रवारी ती इथल्या कॉफीला नावं ठेवत होती. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

त्याच दुपारी वर्ग होता. आमच्याकडे शिकाऊंनी एकमेकांच्या पोटांवर सराव करायची रीत आहे. सुन्निवा खिदळत आडवी झाली. मी प्रोब टेकवला, टोकाकडे सरकवला, आणि तो तसाच शेजारी उभ्या शिकाऊ मुलीच्या हातात दिला.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"खाली सरक."

"टोकालाच आहे. स्वच्छ आहे."

बरोबर, असं मी म्हटलं. पडद्यावर मला रेघ दिसतच होती.