चुन्याखालचा सांधा

माझं काम सासूबाई शेजारणींना असं सांगतात, "आमची सून घरं पाडते. पगार घेऊन." अगदीच खोटं नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक भलंमोठं पोलादी टेबल आहे. त्यावर छोटी इमारत उभी करायची आणि टेबल भूकंपासारखं हलवायचं. माझी इमारत दुमजली, माझ्यापेक्षा जरा उंच. तिचं काँक्रीट ओतलं तेव्हा लेक पोटात होती. आता ती घरभर चालते.

आज टेबल माझं होतं. उद्यापासून दुसऱ्यांचं. माझी पाळी पुन्हा थेट पुढच्या वर्षी.

हलवण्याआधी आम्ही इमारतीला चुना लावतो, म्हणजे केसाएवढी भेगसुद्धा काळी उठून दिसते. सकाळी सर आले, खांब आणि तुळईच्या सांध्याशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. तिथे भेग होती.

"तुझ्या इमारतीला फारच घाई झालेली दिसते," ते म्हणाले. "आधीच तडकलेला सांधा हलवून सिद्ध काय करणार? नवीन ओतावी लागेल."

मीही सांध्याशी वाकले. आणि का कोण जाणे, लेकीचा सकाळचा गाल आठवला. दूधभाताचा जाड थर वाळलेला. ती हसली की त्याला तडे जायचे. गाल मात्र होता तसा, मऊ.

काल चुन्याचा पहिला हात वाळायच्या आत मी दुसरा मारला होता. घरून फोन आला होता, "अगं, रडायची थांबतच नाही ही."

"सर, थोडं थांबा." पातं घेऊन मी तेवढा चुना खरवडला, ओलं फडकं फिरवलं. खाली भेग असेल तर ओल तिच्यातच रेंगाळते, काळी रेघ मागे राहते.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो, दूध उतू जाईल म्हणून बघावं तसे. ओल कडेकडेने आक्रसत गेली आणि सगळी उडाली. रेघ नव्हती.

"पुन्हा लाव," सर म्हणाले. "पातळ. आणि या वेळी वाळू दे."

दुपारी टेबल हललं.

घरी आले तर लेक सासूबाईंच्या मांडीवर, गालावर नवा थर.

"काय गं, पडलं का घर?"

"नाही. तडे गेले, पण उभं आहे."

"मग पगार कशाचा?"

"त्याचाच," मी म्हटलं, आणि फडकं ओलं करून आणलं.