होकायंत्राखाली

इश्बेलने नवऱ्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि हात तिथेच ठेवला.

"मी सांगते चौकशीवाल्यांना, दुगल्ड. शिवणयंत्र मी घेतलं, मी बसवलं. कप्तानाचा परवाना तुझा का जावा?"

"ऑबेद बुडालाय. त्याच्या बायकोला तोंड दाखवशील मग? तू चकार शब्द काढायचा नाहीस."

चौदा वर्षं 'लॉर्नाडेल' हे जहाज पोर्ट ॲडलेडची लोकर लंडनला नेत होतं. लोखंडी जहाजाचं होकायंत्र भारी मानी. जहाजाच्या अंगच्या लोखंडाशी त्याचं कसंबसं जुळवून दिलेलं असतं. नवं लोखंड जवळ आलं की बिनसतं आणि दिशा चुकीची दाखवतं. इश्बेल तर बारा वर्षं त्या जहाजावर नांदलेली. तरी या खेपेला तिने शिवणयंत्र घेतलं आणि हेलकाव्यात हलू नये म्हणून सुताराकडून केबिनच्या भिंतीला घट्ट बसवून घेतलं. होकायंत्र बरोबर त्याच्यावर, डेकवर. आपण भिंत पाहिली, छत पाहिलं नाही, हे तिला आता खात होतं.

बंदर सोडल्यापासून दुगल्ड खाली उतरलाच नव्हता. पहाटे कांगारू बेटाच्या खडकावर जहाज फुटलं तेव्हा तो कागदपत्रं घ्यायला केबिनमध्ये आला आणि ते यंत्र पाहून जागीच थबकला. सुकाणूवरचा ऑबेद ट्रेनविथ तोवर लाटेबरोबर गेला होता.

चौकशीच्या दालनात अध्यक्षांनी विचारलं,

"होकायंत्राजवळ नवं लोखंड काही आणलं होतं?"

"नाही, साहेब."

रविवार देवाचा म्हणून जहाजावर शिट्टीसुद्धा वाजवू न देणारा माणूस बायबलवर हात ठेवून खोटं बोलला.

"मग सुकाणूवाल्याने दिशा चुकवली?"

"ऑबेदने मी दिलेली दिशा तसूभरही सोडली नाही. प्रवाहाचा अंदाज माझा चुकला."

परवाना गेला. इश्बेल बाहेर आली, तर ऑबेदची बायको टॅमसिन गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी पोचली. तिने इश्बेलचे दोन्ही हात धरले.

"बाईसाहेब, गोदीवरचे मेले आठवडाभर माझ्या तोंडावर म्हणत होते, ऑबेद ढोसून उभा असेल. आज त्यांची थोबाडं बंद झाली. कप्तानांनी स्वतःच्या पोटावर पाय दिला, पण माझ्या माणसाचं नाव राखलं. देव भलं करो तुमचं."

पलीकडे दुगल्ड थांबला होता. त्याने हलकेच मान हलवून नको म्हटलं.

"टॅमसिन," इश्बेल म्हणाली, "इथे पायरीवर बस जरा. मला तुला काही सांगायचंय."