उजव्या हाताची खंडेनवमी

रणजीतच्या पंज्यात नेमकं काय तुटलं होतं, हे घरात तनुजालाच कळत होतं. म्हणून ते जोडलेलं टिकवण्याचं कामही तिच्याकडेच आलं. चाकणच्या कारखान्यात पत्र्याची धार निसटली आणि तिच्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या कंडरा, म्हणजे बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या, कापल्या गेल्या. चिंचवडच्या एका रुग्णालयात त्या शिवल्या. तिथे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, बोटांचे व्यायाम घेणारी सलोनी आणि कंपनीशी बोलणारा समाजसेवक अशी तुकडीच होती. सलोनीने पहिल्याच बैठकीत तनुजालाही तुकडीत धरलं.

"आमच्याकडे आठवड्याचे दोन तास, बाकीचे तुमचे. सहा आठवडे मनगट वाकवून धरणारी ही पट्टी उतरायची नाही आणि या हाताने काही धरायचं नाही."

मूठ वळली, तर रणजीत पुन्हा पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर जाणार होता. नाही वळली, तर कंपनी देईल ते हलकं काम, तेही असलं तर.

तनुजा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत यीस्टवर काम करी. यीस्टच्या पेशीत आरएनएमधला नको असलेला तुकडा कापून उरलेली टोकं जोडली जातात. त्यासाठी शंभराच्या आसपास प्रथिनं ठरलेल्या क्रमाने येतात आणि आपापलं काम उरकून निघून जातात. अकरा वर्षं ती त्यांतल्या एकाच प्रथिनाच्या मागे होती.

"म्हणजे माझ्या हाताचंच काम की तुझं," रणजीत म्हणाला. "कापा नि जोडा."

"काडीचाही संबंध नाही. तिथे जोड फसला, तर पेशी तो आरएनए मोडीत काढते आणि दुसरा बनवते. तुझ्याकडे दुसरा नाही."

"धीर द्यायला तुझ्यासारखी बहीण पाहिजे, ताई."

तिसऱ्या आठवड्याअखेर त्याची बोटं तळव्यापासून दोन बोटांच्या अंतरावर आली. सलोनी खूश होती. पंचविसाव्या दिवशी खंडेनवमी आली.

त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होते आणि घरच्यांनाही बोलावणं असतं. ज्याची प्रेस, पूजा त्यानेच करायची. महाळुंग्याच्या घरातून निघताना अंबुबाईंनी लेकाला बजावलं, "डाव्या हातानं कुकू लावत्यात व्हय रं? त्यापरीस जाऊच नगंस."

तो गेला. सोबत तनुजा गेली.

प्रेसला झेंडूचे हार घातले होते. "या रणजीतराव," सुपरवायझर उद्धवराव म्हणाले. "महिनाभर रुसून बसलीय तुमची प्रेस. दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही."

सगळे हसले. रणजीतही हसला, अपघातानंतर पहिल्यांदाच. मग हळूच म्हणाला, "ताई, पट्टी सोड ना. नुसतं कुंकू. दोन मिनिटं."

तनुजाचा पूजेवर विश्वास नव्हता, हिशेबावर होता. मनगट वाकलेलं ठेवायचं, अनामिकेच्या टोकाने कुंकू लावायचं, भार शून्य. धोका नगण्य. तिने पट्टीचे बंद सोडले आणि पट्टी स्वतःच्या हातात धरली.

हिशेबात चूक नव्हती. फक्त नारळ त्यात नव्हता. कुंकू लावून होताच उद्धवरावांनी दरवर्षीप्रमाणे तो रणजीतच्या उजव्या हातात ठेवला. कुणीतरी म्हणालं, "होऊन जाऊ द्या, राव," आणि वर्षानुवर्षांच्या सवयीचा हात वर गेला. तनुजा "थांब" म्हणाली तेव्हा नारळ फुटला होता.

रणजीत आपल्या पंज्याकडे पाहत राहिला. "ताई," तो म्हणाला, "आत काहीतरी सुटलं."

दुसऱ्या दिवशी सलोनीने त्याला मूठ वळायला सांगितलं. दोन बोटं ताठच राहिली. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल, डॉक्टर म्हणाले, कदाचित दोन टप्प्यांत, दुसरीकडची कंडरा काढून. पण पहिल्या जोडाची सर येणार नाही.

"पट्टी कुणी काढली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," रणजीत पटकन म्हणाला. "डाव्या हातानं."

समाजसेवकाने ते लिहून घेतलं. प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या तनुजाला ती नोंद तशीच ठेवता आली असती.

"चूक आहे ते. मी काढली."

"ताई, गप ना. कशाला उगाच?"

"किती वेळ काढली होती?" सलोनीने विचारलं.

"चार मिनिटं."

तेही लिहिलं गेलं. कुणी रागावलं नाही.

परतताना रणजीत म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नको. कुंकवाचं बोलणं मनाला लावून घेईल ती."

घरी अंबुबाई ताट वाढून बसल्या होत्या. "मूठ वळंल ना रं?"

"वळंल की," तो म्हणाला. दोघांनीही तनुजाकडे पाहिलं.

"प्रेसवर जाण्याइतकी नाही, आई," तनुजा म्हणाली. "पट्टी मी काढली होती. तुझ्या बोलण्याने काही झालं नाही."

अंबुबाईंनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि घास लेकापुढे धरला. बत्तीस वर्षांच्या रणजीतने निमूटपणे तोंड उघडलं.