क्रमांक दोनशे चौदा

रोममधल्या टेकडीवरची ती संशोधन संस्था उत्तरेकडच्या एका थंड देशाची. ब्याण्णव वर्षं तिथले विद्वान इथे येऊन उन्हात अंग शेकत आणि जमलंच तर संशोधन करत. आता त्या सरकारने संस्था बंद केली होती आणि शेवटच्या संचालिका सोलवेगबाई खोकी भरता भरता तिचा इतिहास लिहीत होत्या.

"सेत्तिमिओ, युद्धात छप्पर गेलं, एक संचालक स्वयंपाकिणीबरोबर गेले, पण पुस्तक एकच गहाळ! दोनशे चौदा. 'प्राचीन ओस्तिया बंदराची गटारं'."

म्हातारा दरवान सेत्तिमिओ खोक्याला दोरी बांधत राहिला.

वाचनालयाचा नियम असा, की पुस्तक काढलं की त्या जागी आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि परत आणल्यावर ज्याची चिठ्ठी त्यानेच काढायची. दोनशे चौदाच्या जागी सहा वर्षं एक निळी चिठ्ठी उभी होती. ओर्नेल्लाची. सेत्तिमिओची ही लेक इथेच ग्रंथपाल होती. गुरुवारी पुस्तक घरी घेऊन गेली आणि रविवारी इस्पितळात वारली. रोज धूळ झटकताना तो चिठ्ठीला विचारी, "उठलीस का गं?"

पुस्तक त्याच्या उशाशी असे. परत करायचं, तर चिठ्ठी काढावी लागणार.

दुसऱ्या दिवशी त्याने ते बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. "लिहा काय लिहायचं ते. पण पोरीचं नाव चोरांत नको."

बाईंनी पुस्तक उघडलं. एकसष्टाव्या पानावर खुणेला ट्रामचं तिकीट होतं.

"चिठ्ठी कोणी काढायची, सेत्तिमिओ?"

"जिची आहे तिने."

"मग मी कशी काढू? नियम मोडून मला निवृत्त व्हायचं नाही." त्यांनी पुस्तक त्याच्या हातात परत दिलं. "आणि हे वाचून कुठे झालंय अजून?"

इतिहासातला 'गहाळ' हा शब्द खोडून त्यांनी लिहिलं, 'वाचनात'. चिठ्ठी दोनशे तेरा आणि दोनशे पंधराच्या मधे नीट उभी करून खोक्यात भरली. दुपारी ट्रक उत्तरेकडे गेला.

सकाळी सेत्तिमिओ सवयीने फडकं घेऊन आला. फळ्या उघड्या पडल्या होत्या. त्याने त्यातली चिठ्ठीची चार बोटं जागा तेवढी पुसली आणि विचारलं, "पोचलीस का गं?"