मुनीम वाकला तेव्हा

"कोनं सांगतलं तुले, देवमन्या? मुनीमच खुनी हाय म्हनून कोनं सांगतलं?"

मॅनेजर नत्थुजीने तिकिटांची चवड टेबलावर आपटली. अकोल्याच्या त्या टॉकीजला रहस्यपट लागून आज तिसरा दिवस. काल दुपारच्या खेळाला मुनीम पडद्यावर येताच अख्खा थर्ड क्लास ओरडला होता, "खुनी आला रे!" रहस्याचं पार मातेरं झालं. बोट गेलं गेटकीपर देवमनकडे. त्याने फक्त कँटीनच्या बुधाजीला सांगितलं होतं, पण बुधाजीच्या तोंडात कधी तीळ भिजला होता?

"कोनी नाई सांगतलं साहेब. पाट्या पडून राहिल्या होत्या, तवाच समजलं."

खोटं नव्हतं ते. नऊ वर्षांत देवमनने एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. सुरुवातीला नावांच्या पाट्या पडेपर्यंत दाराचा काळा पडदा सांभाळायचा, उशिरा येणाऱ्यांना टॉर्च दाखवायचा आणि मग सायकल स्टँडवर जाऊन उन्हात बसायचं. पण तेवढ्या पाट्या तो रोज तीनदा बघायचा, आणि नावांमागे मुकाट वावरणारी माणसंही.

"पाट्यांत कोनी बोलते तरी का बे?"

"बोलत नाई, म्हनून तं दिसते. शेठजी जिना उतरते, मुनीम वाकून राम राम करते. पन डोये कुठं? शेठजीच्या कमरीच्या चाब्यांवर. वाकनाऱ्याचे डोये पायाकडं रायतात साहेब. मी तीस वरीस वाकलो, मले ठाऊक हाय."

हा 'वाकलो' नत्थुजीला मिरचीसारखा झोंबला. पाच वर्षांपूर्वी देवमन नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून नत्थुजी आला तरी दारात ताठ उभा राहायचा. ते नत्थुजीच्या डोळ्यांत रोज सलत होतं. सिनेमा फुटला हे नुसतं निमित्त.

"लई शाना झाला तू! पाया पड, माफी माग, अन् जा गेटवर. नाई तं टॉर्च ठेव इथं."

घरी मनकर्णा होती, दोन लेकी शाळेत होत्या, आणि दुसरी नोकरी कोणी हातावर आणून ठेवणार नव्हतं. देवमनची कंबर जुन्या सवयीनं थोडी सैल झाली. नत्थुजीपेक्षा त्याला त्या कंबरेचाच राग आला.

"खेळ खराब झाला, चूक झाली. माफी मांगतो, पन उभ्यानं. अन् देवमन म्हना साहेब. पाट्यांत मुडदा झालेल्याचंही पुरं नाव येते."

"ठेव टॉर्च!"

देवमनने टॉर्च टेबलावर ठेवला.

तीनच्या खेळाची घंटा झाली. दारावर कोणीच नव्हतं. उघड्या दारातून वैशाखाचं ऊन थेट पडद्यावर पडलं आणि पाट्या फिक्या होऊन गेल्या. आत शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या, "परदा लाव बे!" नत्थुजी स्वतःच धावला. दाराच्या पडद्याची कडी खाली उंबऱ्याशी होती. ती अडकवायची तर कंबरेत वाकावंच लागायचं.

शेजारीच देवमन चपला घालत होता. वाकलेल्या त्या माणसाचे डोळे कुठं गेले, हे बघायला तो थांबला नाही.