पातं भुईवर ठेवलं नाही

आंधळगावच्या श्रावणला धानाइतकाच चाकू घडवायचा नाद. ट्रकच्या मोडक्या पाट्याचं पोलाद, घरचा भाता नि एक कानस, एवढीच दौलत. चाकू द्यायचा तर भुईवर ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. पातं हातातून हातात गेलं की नातं तुटतं, अशी जुनी रीत.

मेहुणीच्या लग्नात त्याचा चाकू कोहळ्यात रुतला नि वाकला. आदल्या दिवशी बायकोच्या, तुळसाच्या चुलतभावानं, भैय्यालालनं, धार लावायला त्याला आपल्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात नेलं होतं. तिथं ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं, त्याचं पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं. भैय्यालालनं ते पाहिलं, पण बोलला नाही. आता मात्र भर मांडवात वाकडा चाकू उंच धरून म्हणाला, "हा चाकू नाही गा, सराटा होय. भाकर पलटव याच्यानं."

मांडव हसला. पोरंटोरंही मग श्रावणला सराटा म्हणू लागली. त्यानं तो चाकू आढ्याला खोचला. येताजाता नजर जाई नि काळजातला निखारा कुणी फुंकल्यागत फुले.

वर्षं लोटली. शहापूरपासून लोक चाकू मागायला येऊ लागले, कानस पुरेना. तिकडं घरोघरी स्टील आलं, भैय्यालालचा कारखाना बसला, यंत्रं विकायला निघाली. श्रावणनं आढ्यातला चाकू सरळ केला, पुन्हा पाणी दिलं, पिशवीत घातला. तो कुठं निघाला ते तुळसानं ओळखलं.

"भाऊ म्हणून तोच एक हाय मले," ती म्हणाली. "पातं भुईवरच ठेवजा."

कारखान्यात श्रावणनं एकेक यंत्र चालवून दाखवायला लावलं. लेथ चाकूच्या कामाची नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी ती पुन्हापुन्हा सुरू करवली. भैय्यालाल घामानं निथळत पट्टे चढवी, जवाईबापू, जवाईबापू करी. दारात गल्ली जमली.

"हा ग्राइंडर घ्या. झटक्यात धार."

"पाणी खाते तो पात्याचं. तुले तवाच मालूम होतं."

भैय्यालालची मान खाली गेली. कोपऱ्यात पाण्यात बुडून संथ फिरणारी दगडी सहाण होती. श्रावणनं तिच्याकडं बोट केलं.

"ते बाबाची होय. विकाची नाही."

"मंग काहीच नाही घेत."

भैय्यालालनं बराच वेळ दगडावर हात फिरवला. मग हात काढून घेतला.

श्रावणनं तिथंच त्या सहाणेवर जुन्या चाकूला धार काढली. पाण्याखाली पातं चांदण्यागत उजळलं. मग त्यानं ते पुढं धरलं. भैय्यालाल थांबला, तो खाली ठेवील म्हणून भुईकडं पाहत राहिला. श्रावणचा हात हलला नाही.

"घे," तो म्हणाला. "भाकर पलटव."

गल्ली पाहत होती. भैय्यालालनं हात पुढं केला.

घरी बैलगाडीतून सहाण उतरली. तुळसानं पिशवी चाचपली, ती रिकामी होती.

"कुठी ठेवलं पातं?"

श्रावण दगडाखाली ओंडका सरकवत राहिला.